उद्या गेलो होतो

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर सत्यजीत टिपणीस थांबला. दम लागला म्हणून नव्हे. वरच्या मजल्यावर हेतलच्या दारात त्याची मुलगी बोलत होती, आणि ती बरोबर बोलत होती. "काल आम्ही शाळेच्या सहलीला कर्नाळ्याला गेलो होतो ना, म्हणून अभ्यास झाला नाही. उद्या माझी इतिहासाची चाचणी आहे. आज मी नाही येत खेळायला." एवढंच. नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलीने बोलावं तसं. हेतल काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या, एक दार लागलं, मग दुसरं. सत्यजीत तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. काल गेलो होतो. उद्या चाचणी आहे. दोन्ही शब्द आपापल्या जागी, एकदाही न अडखळता. त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि ती तो उगाच घट्ट आवळत होता. आपल्याला काय झालं आहे ते त्याला नीट कळेना. कुणी शिवी दिली असती तर निदान राग तरी आला असता. वर जाऊन त्याने बेल दाबली, रेवाने दार उघडलं, त्याच्या हातातली जुडी घेतली आणि चहाच्या वेळी, शेंगदाणे सोलता सोलता, डोळे मोठे करून म्हणाली, "बाबा, उद्या आम्ही कर्नाळ्याला गेलो होतो ना, तर तिथे एक पक्षी आमच्याकडे बघून खोकला." सवयीने सत्यजीत हसला. सवयीनेच त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे पेन आणि कागदाचे कपटे असत. आणि तेव्हा त्याने पहिल्यांदा पाहिलं, की रेवाची नजर त्याच्या चेहऱ्यावर नाही. ती त्याच्या हाताबरोबर खिशाकडे चालली होती. हात तसाच परत आला. त्याने चहाचा एक घोट घेतला. तो गार झाला होता.

ह्या 'उद्या'वर त्याचं सगळं उभं होतं. पाच वर्षांपूर्वी ते गिरगावची खोली सोडून नव्या पनवेलमध्ये राहायला आले तेव्हा इथे नुसत्या इमारती आणि वारा होता. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोर रिकामे प्लॉट, त्यांत चरणाऱ्या गाई, मागे डोंगर. माणसं हळूहळू यायची होती. त्या वेळी सत्यजीत मुलांसाठी राजे, कोल्हे आणि बोलणारी झाडं लिहीत असे, आणि ते सगळं मासिकांकडून नियमाने परत येत असे. संपादक शशिकलाबाईंनी एकदा परत पाठवलेल्या गोष्टीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, तुमचा कोल्हा फार शिकलेला आहे. तो शेरा त्याला झोंबला होता आणि पटलाही होता. मग एका संध्याकाळी चार वर्षांची रेवा गॅलरीच्या गजांतून पाय बाहेर सोडून बसली असताना म्हणाली, "काल मी मोठी होणार आहे." बास. त्या एका वाक्याने सत्यजीतच्या अंगावर काटा आला होता. त्याने ती रात्र, म्हणजे जेवणानंतरचा सगळा वेळ, त्या वाक्याभोवती फिरण्यात घालवला, आणि सकाळी 'बुंदी' जन्मली. बुंदी नावाची एक मुलगी, जिला काल आणि उद्या यांतला फरक कळत नाही, आणि म्हणून जिला झालेल्या गोष्टी पुन्हा करता येतात आणि व्हायच्या गोष्टी आठवतात. शशिकलाबाईंचं कार्ड आलं. पुढची कधी पाठवता? तेव्हापासून दर महिन्याला बुंदी, दर दिवाळी अंकात मोठी बुंदी. त्याच्या विम्याच्या ऑफिसातले लोक त्याला आधी टिपणीससाहेब म्हणत, आता 'बुंदीवाले' म्हणू लागले. जुन्या पनवेलमधल्या एका वाचनालयाने शाल आणि नारळ दिला. शाळा बोलवू लागल्या. स्टेजवर उभं राहून तो शिक्षकांना सांगे, मुलांसाठी लिहायचं तर हात नको, कान हवा. प्रेरणा वगैरे काही नसतं. घरात मूल असतं आणि ते बोलत असतं, आपण फक्त ऐकायचं. टाळ्या पडत. पहिल्या रांगेत रेवा बसलेली असे, नव्या फ्रॉकमध्ये, पाय हलवत, सगळं ऐकत.

सगळं ऐकत. हे त्याला आता, गार चहाचा कप पुढ्यात असताना, सुचत होतं. रेवा काल आणि उद्याची गल्लत का करते याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं आणि ते त्याने भाषणांतही वापरलं होतं. समोरच्या हेतलच्या घरी ती दिवसभर असे. त्यांच्या गुजरातीत कालही काल आणि उद्याही काल. हेतलच्या आईने दिवाळीचा फराळ 'काले' म्हटलं की तो झालेला आहे की व्हायचा आहे हे पोरीला कसं कळावं. लोकांना हे उत्तर फार आवडे. पण चौथ्या वर्षी जे खरं होतं ते नवव्या वर्षीही खरं कसं राहिलं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानेही नाही. शाळेत तिला भाषेत चांगले गुण होते. निबंधात तिने 'काल मी आजोळी गेले होते' असं लिहिलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं, सही केली होती. मग? जेवताना, झोपताना, त्याच्यासमोर, फक्त त्याच्याचसमोर, हे उलटं का होत होतं? त्या रात्रीच्या जेवणात त्याने मुद्दाम काही विचारलं नाही. नुसता पाहत राहिला. रेवाला सर्दी झाली होती, कर्नाळ्याला पावसात भिजून आली होती, नाक ओढत ती भात कालवत होती आणि मधूनच त्याच्याकडे एक नजर टाकत होती, गिऱ्हाईक आलं आहे का बघणाऱ्या दुकानदारासारखी.

पहिला संशय बायकोवर, सुमतीवर गेला. नवऱ्याचा संशय नेहमी जवळच्या माणसापासून सुरू होतो, त्याला लांब जायचा कंटाळा असतो. सुमतीच बहुतेक वेळा सांगत आली होती, अहो, आज रेवा काय म्हणाली ऐकलंत का. किती वाक्यं त्याने स्वतः ऐकली होती आणि किती सुमतीकडून आली होती? आठवायला लागला तेव्हा घोळ झाला. आईस्क्रीमला ताप आला, हे कुणाचं? चंद्राला मागून बटण असतं, हे कुणाचं? ती गजांतली संध्याकाळ तरी खरी होती ना? तो तिथे होता, त्याने ऐकलं होतं. पण सुमतीही तिथे होती, कपडे वाळत घालत होती, आणि वाक्य कुणाच्या तोंडून आलं हे त्याला आता चित्रासारखं दिसेना. आवाज आठवत होता, तोंड आठवत नव्हतं. रविवारी सकाळी सुमती जमिनीवर बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. तो शेजारी जाऊन बसला, चार वाल सोलले आणि वालांबद्दलच विचारावं तसं विचारलं, की रेवाला बोलायला कुणी शिकवतं का. सुमतीने मान वर केली नाही. कसलं बोलायला, म्हणाली. त्याने जिन्यावरचं सांगितलं. ती वाल सोलत राहिली, बोटांत दाबला की साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. मग म्हणाली, "मी कशाला शिकवू? तुम्हीच शिकवलंत. ती बरोबर बोलली की तुमचा पेपर तोंडासमोरून हलत नाही. चुकली की तुम्ही तो खाली ठेवता." सत्यजीत उठला. वाक्य फार चांगलं होतं. इतकं चांगलं वाक्य वाल सोलता सोलता सुचत नाही, ते तिने कधीपासून तयार ठेवलं असणार, असं त्याला वाटलं. मायलेकींनी मिळून आपल्याला चालवलं आहे. आपल्या नावावर गोष्टी छापून येतात आणि त्या घरात दुसरंच कुणीतरी लिहितं आहे.

संध्याकाळी तो रेवाला घेऊन वडाळे तलावावर गेला. फिरायला म्हणून, पण खरं तर तपासायला. गणपती होऊन गेले होते, काठाच्या पाण्यात अजून निर्माल्य आणि एखादा मखराचा तुकडा तरंगत होता. एरवी ह्या तलावावर त्याला नेहमी काही ना काही सापडे. कमळाची पानं बघून रेवा म्हणाली होती, ही पाण्याची ताटं आहेत, जेवण कुठंय. त्यावर एक पूर्ण बुंदी झाली होती. आज तो पेन घरी ठेवून आला होता, आणि खिसा रिकामा आहे हे तिला दिसावं म्हणून पातळ झब्बा घालून आला होता. बघू आता काय बोलते. रेवा नाक ओढत चालत राहिली. तो तिच्या उजवीकडून चालत होता, मध्येच त्याच्या लक्षात आलं की ती मागे राहून, वळसा घालून, त्याच्या दुसऱ्या बाजूला आली आहे. तो पुन्हा उजवीकडे गेला. थोड्या वेळाने ती पुन्हा फिरून आली. का? त्याच्या तोंडाकडे बघता यावं म्हणून? की टाळायला? तो मुद्दाम दोन पावलं मागे राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "रेवा, उद्या म्हणजे काय गं?" ती पुढे चालत राहिली. ऐकूच आलं नाही असं दाखवत. त्याने पुन्हा विचारलं. तरी नाही. मग तो जवळजवळ ओरडला तेव्हा ती दचकून वळली, "काय?" चेहरा कोरा. इतका कोरा चेहरा करायला कुठे शिकली ही, असं त्याला वाटलं. ज्या मुलीचं मन आपण दर महिन्याला आठ पानं उघडून लोकांना दाखवतो ती मुलगी आपल्याला ओळखू येत नाही. भेळवाल्यापाशी तो थांबला, तिने नको म्हटलं. भेळ नको म्हणणारी रेवा त्याने पाहिली नव्हती. ती मान एका बाजूला झुकवून उभी होती, तळहात कानावर दाबून सोडत होती, दाबून सोडत होती. नवीन काहीतरी बसवते आहे, त्याच्या मनात आलं.

सोमवारी सकाळी तो टेबलाशी बसला होता. दिवाळी अंकाची गोष्ट द्यायची मुदत डोक्यावर आली होती, शशिकलाबाईंनी एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन करवून आठवण दिली होती की चित्रकार थांबला आहे. कागदावर 'बुंदी' एवढंच होतं. पूर्वी तो ह्या वेळेला लिहायचा, ऑफिसच्या आधी, ठरवून रोज, सुचो न सुचो, आणि लोकांना तसं सांगायचाही. रोज बसायचं, म्हणजे सुचणाऱ्याला आपला पत्ता माहीत असतो. आज पत्त्यावर कुणी आलं नाही. दप्तर पाठीला लावून रेवा त्याच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बाबा, माझ्या कानात पिठाची गिरणी सुरू झालीये."

वाक्य ऐकल्याबरोबर त्याची बोटं पेनवर घट्ट झाली. कसलं वाक्य होतं. आणि त्याच क्षणी त्याला ते ओळखू आलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत बुंदीच्या पोटात गिरणी सुरू झाली होती, भुकेने. तेव्हाची गिरणी आता कानात आली, एवढंच. म्हणजे ही आपलं छापलेलं वाचते, त्यातून उचलते, थोडं फिरवते आणि आपल्यालाच परत आणून देते. आपण लेकराच्या तोंडचं म्हणून मिरवतो ते आपलंच खरकटं. त्याला रागही आला आणि खूप एकटंही वाटलं. पेन त्याने टेबलावर ठेवलं, मुद्दाम, तिला दिसेल असं, टोपण लावून. "पुरे झालं आता, रेवा," तो म्हणाला. "मला कळतं सगळं. नऊ वर्षांची घोडी झालीस, सरळ बोलायला शीक." ती बघत राहिली. बहुधा टोपणाकडे. मग म्हणाली, "बरं." आणि शाळेत गेली.

त्यानंतर रेवा सरळ बोलू लागली. काल शाळेत हस्तकला होती. उद्या बाईंनी पुठ्ठा मागितला आहे. एकेक वाक्य जागच्या जागी, आणि तेवढंच, जास्त नाही. सत्यजीतला पहिले एक-दोन दिवस जिंकल्यासारखं वाटलं. आता बघू सुमती काय करते, असंही मनात आलं, पण सुमतीने काही केलं नाही, तिने रेवाच्या सर्दीला सुंठ उगाळून लावली आणि नवऱ्याशी न बोलता वावरू लागली. घर शांत झालं. फक्त टीव्ही मोठ्याने लागे. रेवा तो रोज आणखी मोठा करी, सुमती लहान करी, ती परत मोठा करी, आणि पेपरामागून सत्यजीत ठरवून टाकी की हे त्याला डिवचायला आहे. हाक मारली की येत नाही. दोनदा 'काय?' विचारते. शाळेच्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं होतं, लक्ष नसतं म्हणून. त्यालाही त्याने एक कारण शोधलं. संशयाला कारणं पुरत नाहीत असं कधी होत नाही. आणि कागदावर बुंदी तशीच होती, एकटी. त्याने खोटी बुंदी लिहून पाहिली, काल-उद्याची अदलाबदल यंत्रासारखी करून, आणि वाचताना त्याला भीती वाटली, कारण ती खऱ्या बुंदीसारखीच झाली होती. मग आतापर्यंतच्या कुठल्या खऱ्या होत्या? त्याने तो कागद फाडला.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर घरी न जाता तो सायकल घेऊन जवळच्या विचुंबे गावाकडे गेला. घरात विहीर आटली तर बाहेर पाणी शोधायचं, इतका साधा विचार होता. रस्त्याच्या कडेला नव्या इमारतींचे सिमेंटचे खांब उभे होते, त्यांच्यामध्ये भाताची शेतं पोटरीला, लोंब्या फुटायच्या बेताला आली होती. गावाच्या शाळेच्या भिंतीशी मुलं गोट्या खेळत होती. सत्यजीत सायकलला टेकून उभा राहिला आणि ऐकू लागला. एक मुलगी रडणाऱ्या भावाला सांगत होती, "रडू नुको, डोल्यातला पानी सोपला तं सपान कशात पोवतील?" डोळ्यातलं पाणी संपलं तर स्वप्नं कशात पोहतील. त्याचा हात खिशात गेला. पण त्याच वेळी त्याला वाटलं की मुलीने आपल्याकडे चोरून पाहिलं. हिलाही माहीत आहे? कुणी सांगितलं असेल, पांढऱ्या शर्टातला एक माणूस येतो, तो अशी वाक्यं घेतो? हे वेडगळ आहे हे त्याला कळत होतं, तरी हात खिशातून रिकामा बाहेर आला. समोरच्या ओट्यावर जाळं विणत बसलेली बाई उठून त्याच्यापाशी आली. मघापासून ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. मुलांनी तिला वेणूआत्या म्हणून हाक मारली, तिने त्यांना हातानेच घरात जायला सांगितलं. "कोन पायजे तुमाला?" सत्यजीत म्हणाला, कुणी नाही, असाच उभा आहे, मुलांसाठी गोष्टी लिहितो. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी मास्तर नाय, कोनाचं बाप नाय, मंग दुसऱ्याच्या पोरांचं बोलनं कशाला आयकताय? घरी पोर नाय का तुमाला?" तो म्हणाला, आहे, मुलगी आहे. "मंग तिचं आयका," ती म्हणाली आणि तो सायकलवर बसेपर्यंत तिथून हलली नाही. परत येताना त्याचे कान तापले होते. आपल्याकडे आज त्या बाईने जसं पाहिलं तसं आपण आठवडाभर रेवाकडे पाहतो आहोत, हा विचार त्याला शिवून गेला. पण तो त्याने पायडल जोरात मारून मागे टाकला.

शनिवारी सकाळी सुमतीच्या हाकेने तो उठला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. रेवा गादीवर बसली होती, शांत, आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळा, मध्ये तांबूस झाक असलेला एक डाग होता, बशीएवढा. उजव्या कानापासून गालावर ओघळ वाळलेला. कान फुटला होता. आता दुखत नाही, रेवा म्हणाली, रात्री खूप दुखलं, मग थांबलं. उठवलं का नाहीस, सुमतीने विचारलं. तिने दाराकडे पाहिलं. सत्यजीत दारात उभा राहून त्या डागाकडे बघत होता. दाबून सोडत होती तळहात. वळसा घालून डावा कान त्याच्याकडे आणत होती. 'काय?' म्हणत होती. टीव्ही मोठा करत होती. एकेक गोष्ट तिच्या जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली, आणि मधली सगळी जागा एका वाक्याने भरली, जे त्याने टोपण लावून परत पाठवलं होतं.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना जुन्या पनवेलमध्ये होता, बाजाराच्या मागे. बाकावर रेवा मध्ये बसली, सुमती डाव्या बाजूला, तो उजव्या. त्याला बोलायचं होतं पण त्या बाजूने बोलून उपयोग नव्हता. डॉक्टर वयस्क होते, कपाळावर आरसा बांधलेला. त्यांनी रेवाला उंच स्टुलावर बसवलं, कान पुसला, वाकून आत पाहिलं. मग तिच्या डाव्या बाजूला येऊन विचारलं, कधीपासून दुखतंय. रेवाने आधी सत्यजीतकडे पाहिलं. ती नजर त्याने लगेच ओळखली. ती त्याला विचारत होती, कसं सांगू? तुमच्यासाठी सांगू की खरं सांगू? आठवडाभर त्याला हेच पकडायचं होतं, आणि आता ते समोर उघडं होतं तर बघवेना. त्याने कशीबशी मान हलवली, सांग म्हणून. "सोमवारपासून," रेवा म्हणाली. "मी बाबांना सांगितलं होतं." सुमतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखायच्या आधी काय व्हायचं, कसं वाटायचं. "गिरणीसारखं," रेवा म्हणाली, "पिठाच्या." डॉक्टर हसले नाहीत. कौतुकही केलं नाही. "बरोबर," ते म्हणाले, "पडद्यामागे पाणी साठलं की तसंच घुमतं." आणि त्यांनी केसपेपर पुढे ओढून ते लिहून घेतलं. सत्यजीत त्यांच्या पेनकडे बघत राहिला. इतकं साधं होतं ते. त्यात कुठलीच कल्पना नव्हती. कानात जे होत होतं ते एक मूल सांगत होतं. ते वाक्य त्याला आवडलं असतं तर त्याने त्याची गोष्ट केली असती, नाही आवडलं तर हाकलून दिलं. दोन्हीकडून कान फुटलाच असता. हे त्याला लख्ख दिसलं. डॉक्टर सुमतीला सांगत होते, भोक लहान आहे, पोरांचा पडदा बहुतेक भरून येतो, पण महिनाभर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि भरला नाही तर मग पुढचं बघू. मागून हाक मारली तर ओ देत नव्हती का, त्यांनी जाता जाता विचारलं. नव्हती, सत्यजीत म्हणाला. ह्या प्रश्नाचं उत्तर फक्त त्यालाच माहीत होतं.

रिक्षात तो पुन्हा तिच्या उजवीकडेच बसला, चुकून. कानात कापसाचा बोळा, त्याच्या बाजूला. रिक्षाचा आवाज असा की कुणी कुणाशी बोलायचा प्रश्न नव्हता. रेल्वेचं फाटक बंद होतं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तंबाखू मळू लागला. एकदम शांत झालं. सत्यजीत उतरला, मागून फिरून दुसऱ्या बाजूला आला आणि सुमतीला म्हणाला, जरा पलीकडे सरक. ती काही न विचारता उतरून पलीकडे गेली. आता रेवाचा डावा कान त्याच्याकडे होता. त्याच्या मनात माफीची सगळी वाक्यं येऊन उभी राहिली आणि प्रत्येक वाक्य छापायला देण्यासारखं होतं, म्हणून तो एकही बोलू शकला नाही. खिशात पेन होतं. ते छातीला टोचत होतं. रेवाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक, कारण तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजूत घालावी तसं म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला उद्या सांगितलं होतं."

उद्या. म्हणजे अजून व्हायचं होतं. अजून सोमवार यायचा होता, ती दप्तर लावून खुर्चीशी येऊन उभी राहायची होती, त्याला अजून ऐकता येणार होतं. पाच वर्षं जो शब्द तो तिच्याकडून घेत आला तो शब्द तिने आज त्याला उगाच दिला होता, खिशाकडे न बघता. की बघून? त्याने ते तपासलं नाही. तो तिच्या चांगल्या कानाशी वाकला.

"हो," तो म्हणाला. "काल मी नक्की ऐकेन."

रेवाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाबा खरंच चुकले की मुद्दाम चुकले, हे तिला कळेना. फाटक उघडलं, रिक्षा सुरू झाली, तरी ती त्याच्याकडे बघतच होती, संशयाने.